बायपासनंतर व्यायाम करताना ठोके मोजायचं यंत्र कोणतं घ्यावं? कोल्हापूरकर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

माझी बायपास होऊन काही वर्षं झाली. त्याआधीची तीसेक वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत पायरोमीटर, गेज, थर्मोकपल असली मापयंत्रं सांभाळण्यात गेली. त्यामुळे रंकाळ्यावर फिरायला येणारी मंडळी "तुम्ही यंत्रातले, तुम्हीच सांगा" म्हणत घड्याळं माझ्यापुढे धरतात. फोनवर तेच प्रश्न परत परत यायला लागले, तेव्हा एकदाचं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. यंत्राबद्दल ठामपणे बोलेन, तुमच्या हृदयाबद्दल तुमचे डॉक्टर बोलतील.

१. मॉनिटर घेतलाच पाहिजे का? आमच्या वडिलांनी बायपासनंतर नुसतं चालून वर्षं काढली.

नाही, सक्ती कसलीच नाही. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की वेग बरोबर, ही जुनी परीक्षा आजही हृदयाच्या व्यायामवर्गात वापरतात. दुसरी परीक्षा स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी केलेल्या ६ ते २० च्या पट्टीची. ६ म्हणजे बसून राहणं, २० म्हणजे आता जीव जातो. बायपासवाल्यांना बहुधा ११ ते १३ मध्ये, म्हणजे 'हलकं' ते 'थोडं जड' यात राहायला सांगतात. या दोन्हींना एक रुपयाही लागत नाही.

मग यंत्र कुणाला उपयोगी? डॉक्टरांनी "अमुक ठोक्यांच्या वर जायचं नाही" असं बजावलेल्यांना, कारण एखादी नस अजून अरुंद आहे किंवा छातीत शॉक देणारं यंत्र आहे. दुसरे, अंगातली रग न गेलेले. आपल्याकडे पेठापेठांत जुने फुटबॉलवाले आणि तालमीतले गडी आहेत, त्यांना 'हलकं' हा शब्दच कळत नाही. आणि तिसरे, घराबाहेर पडायलाच घाबरणारे. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त फायदा या तिसऱ्यांना होतो. ठोके ९० च आहेत हे डोळ्यांनी दिसलं की पाय उचलतो.

२. माझे ठोके किती असावेत? नेटवर २२० वजा वय असं लिहिलंय.

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो यंत्र घेतल्यावर नाही, घेण्याआधी विचारायचा असतो. भट्टीतला लोखंडाचा रस किती अंशाला ओतायचा हे ठाऊक नसेल तर पायरोमीटर विकत घेऊन काय करायचं?

२२० वजा वय हे सूत्र धडधाकट माणसांतही दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. बायपासनंतर बहुतेकांना मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल यांपैकी एक गोळी चालू असते. ती ठोके मुद्दाम दाबून ठेवते, त्यामुळे सूत्र पारच कोलमडतं.

खरा आकडा टीएमटीतून, म्हणजे पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात त्या तपासणीतून येतो. उदाहरण घ्या. वय ६०, बसल्यावर ठोके ६२, आणि गोळी चालू असताना टीएमटीत जास्तीत जास्त ११८ पर्यंत गेले. दोहोंतला फरक ५६. त्याचे ४० टक्के साधारण २२, म्हणून खालची हद्द ८४. ६० टक्के साधारण ३४, म्हणून वरची हद्द ९६. म्हणजे या माणसाने ८४ ते ९६ मध्ये चालावं. सूत्राने गेला असता तर कमाल १६०, त्याचे ७० टक्के ११२! म्हणजे रोज सकाळी टीएमटीच्या शेवटच्या मिनिटाएवढी दमछाक.

टीएमटीत एखाद्या ठोक्याला छातीत दुखलं किंवा ईसीजी बदलला, तर वरची हद्द त्याच्या निदान दहा ठोके खाली ठेवतात. आणखी एक, टीएमटीला जाताना गोळी नेहमीच्या वेळेला घेतलेली असावी आणि फिरायलाही त्याच हिशेबाने जावं. गोळीविना काढलेला आकडा गोळी घेऊन चालणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. अर्थात गोळी घ्यायची की थांबवायची हे तपासणी लिहून देणारेच ठरवतील.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत टीएमटी झालेली नसते. तेव्हा बसल्यावरच्या ठोक्यांपेक्षा २० ते ३० जास्त, एवढीच हद्द साधारणपणे देतात. तुमची किती ते घरी सोडताना विचारून कागदावर लिहून घ्या. तोंडी ऐकलेलं गेटपर्यंत विसरतं.

३. यंत्रांचे प्रकार किती? घड्याळ घेऊ, छातीचा पट्टा घेऊ की दंडाचा?

मनगटावरचं घड्याळ कातडीतून हिरवा प्रकाश आत सोडतं. रक्ताची लाट आली की परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून ते नाडी मोजतं. छातीचा पट्टा हृदयातून निघणारी वीज थेट टिपतो, ईसीजीसारखीच. म्हणून ठोके मोजण्यात पट्टा सरस. दंडावरचा किंवा कोपराखालचा पट्टा घड्याळासारखा प्रकाशानेच चालतो, पण तिथे मांस जास्त आणि हालचाल कमी, म्हणून मनगटापेक्षा तो बराच स्थिर असतो.

माझं मत विचाराल तर पहिले तीन महिने दंडाचा पट्टा, पुढे छातीचा. घड्याळ हौस म्हणून. सपाटीवर संथ चालणाऱ्याला चांगलं घड्याळही पुरतं, पण प्रश्न ८ वाचल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका.

४. दवाखान्यातून छातीला बेल्ट दिलाय. ठोक्यांचा पट्टा म्हणजे हाच का?

नाही, आणि हा घोटाळा फार जणांचा होतो. दवाखान्यातून मिळतो तो रुंद बेल्ट छातीचं कापलेलं हाड खोकताना, उठताना हलू नये म्हणून असतो. तो काहीही मोजत नाही. ठोक्यांचा पट्टा दोन बोटं रुंद, आतल्या बाजूला रबरी पट्ट्या आणि मध्ये बटणासारखं यंत्र.

हा पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली बांधतात. बायपासच्या चिऱ्याचं खालचं टोक आणि नळ्या काढल्याच्या जखमा नेमक्या तिथेच असतात. म्हणून खपल्या पूर्ण पडून कातडी कोरडी झाल्याशिवाय तो बांधायचा नाही. हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर हात मागे वळवून हूक लावणं हाडाला ताण देणारं आहे. हूक पोटासमोर लावा, मग पट्टा फिरवून जागेवर आणा. ही युक्ती मला एका सिस्टरने शिकवली, पुढेही कायम तीच वापरली.

कुणाकुणाची खूण जाड, लाल आणि खाजरी होते. त्यांनी छातीच्या पट्ट्याच्या नादी न लागता दंडाचाच घ्यावा.

५. कुठल्या कंपनीचा घेऊ? किती पैसे जातील?

पट्ट्यांत पोलार आणि गार्मिन ही जुनी नावं. पोलार ही फिनलंडची कंपनी, १९७७ सालची. बर्फावर घसरणाऱ्या खेळाडूंसाठी वायरविना ठोके मोजायची सोय तिनेच पहिल्यांदा काढली. पोलारचा एच१० पट्टा संशोधकही तुलनेसाठी वापरतात. कूस्पो, मॅजीन असे चिनी पट्टे दोन-चार हजारांच्या आसपास मिळतात, नावाजलेले त्याच्या दुपटी-तिपटीत. भाव हलत राहतात, म्हणून यापेक्षा नेमकं लिहीत नाही. चालण्यापुरतं बघाल तर स्वस्त पट्टाही महागड्या घड्याळाला भारी पडतो.

घेताना विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. ब्लूटूथ हवं, कारण आयफोन दुसऱ्या पद्धतीचा, म्हणजे अँट प्लसचा संदेश थेट घेत नाही. बॅटरी बदलता यावी. सीआर२०२५ किंवा सीआर२०३२ जातीचा सेल महाद्वार रोडवरचा कुठलाही घड्याळवाला घालून देतो. कापडी पट्टा वेगळा विकत मिळावा, कारण आधी तोच सैल पडतो. आणि आकडा बघायला फोन किंवा घड्याळ लागणारच, नुसत्या पट्ट्यावर काही दिसत नाही. हे न विचारता घेतलेले दोघे मला परवाच भेटले.

फसवणुकीचंही सांगतो. माझं पहिलं घड्याळ नऊशे रुपयांचं, दुकानदाराने "हार्टवाल्यांसाठी खास" म्हणून गळ्यात मारलेलं. घरी आल्यावर गुंडाळलेल्या टॉवेलला बांधलं, तर टॉवेलचे ठोके ७८! बरं, चांगली घड्याळंही कधीकधी निर्जीव वस्तूवर काहीतरी आकडा दाखवतात, त्यामुळे टॉवेलवरून फाशी देऊ नका. पण मी जिना चढलो तरी ७८ आणि झोपलो तरी ७८, तेव्हा खात्री पटली.

६. ठोके वाढले की घड्याळ आपोआप सांगतं ना?

बहुतेक जण इथेच फसतात. पुष्कळ घड्याळांतली 'ठोके वाढले' ही सूचना तुम्ही स्वस्थ बसलेले असतानाची असते. अ‍ॅपलच्या घड्याळातली मूळ सूचना दहा मिनिटं हालचाल नसताना ठोके वर गेले तरच वाजते. चालताना ती गप्प.

तुम्हाला हवी ती व्यायाम चालू असतानाची हद्द. गार्मिनच्या बहुतेक घड्याळांत ती व्यायामाच्या सेटिंगमध्ये सापडते. अ‍ॅपलमध्ये २०२२ च्या वॉचओएस ९ या सॉफ्टवेअरपासून आली. छातीच्या पट्ट्याबरोबर फोनवरचं अ‍ॅप वापरणार असाल तर त्यात हद्दीची सूचना आहे का ते आधी बघा. दुकानातच विचारा, "चालताना ९६ च्या वर गेलो तर हे थरथरेल का?" दाखवून देता आलं नाही तर घेऊ नका. आवाजापेक्षा थरथर बरी. रंकाळ्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत बीप कुणाला ऐकू येणार?

७. आपलं यंत्र बरोबर दाखवतंय हे कसं ओळखायचं?

फौंड्रीत कुठलंही गेज वापरण्याआधी मास्टरशी, म्हणजे खात्रीच्या मापाशी, ताडून बघायचो. इथे मास्टर म्हणजे तुमची दोन बोटं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर नाडी धरा, ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. मोजताना अंगठा वापरू नका, त्याला स्वतःची नाडी असते. मानेवरची नाडी दाबून मोजू नका, त्याने चक्कर येऊ शकते.

एकदा बसून मोजा, एकदा दहा मिनिटं चालून थांबल्याबरोबर. थांबल्यावर ठोके भराभर उतरतात, म्हणून तेव्हा १५ सेकंद मोजून चौपट करा. यंत्र आणि बोटं यांत चार-पाच ठोक्यांचा फरक चालतो. दहाच्या वर फरक रोज पडत असेल तर पट्टा घट्ट करा, जागा बदला आणि पुन्हा बघा. चालायला लागल्यावर आणि थांबल्यावर प्रकाशाचं यंत्र काही सेकंद मागे असतं, त्यावर लगेच निकाल देऊ नका. ठोके अनियमित असतील तर ही पद्धत वेगळी, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

८. रमत-गमत चालतोय तरी घड्याळ १२० दाखवतं. घाबरून घरी परत आलो. काय झालं असेल?

बहुधा घड्याळ ठोके सोडून तुमची पावलं मोजत होतं. चालताना मिनिटाला शंभर ते सव्वाशे पावलं पडतात, हात त्याच तालात हलतो, आणि प्रकाशाचं यंत्र त्या हलण्यालाच नाडी समजतं. ओळखायची खूण अशी: आकडा अचानक वर जाऊन एकाच जागी चिकटतो आणि तुम्हाला दम मुळीच लागलेला नसतो. थांबा, हात स्थिर धरा, बोटांनी मोजा. ८८ भरले तर घड्याळाला दोष द्या.

उपाय म्हणजे घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवून घट्ट बांधणं. आपल्याकडे घड्याळ बांगडीसारखं खुळखुळत घालायची पद्धत आहे, ती इथे चालत नाही. थंडीत पहाटे हात गार असतात, रक्त कमी येतं, तेव्हाही चुकतं. जर्किनच्या बाहीखाली पाच मिनिटं हात गरम होऊ द्या. सावळ्या कातडीत हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो, गोंदणावर तर फारच. गोंदलेल्या जागेवर घड्याळ बांधू नका.

मात्र आकडा १२० आणि धडधडही जाणवते, असं असेल तर हा प्रश्न सोडा आणि थेट १७ वर जा.

९. माझ्या डाव्या हातातली नस काढून हृदयाला लावलीय. घड्याळ कुठल्या हातात घालू?

उजव्या. हातातली रोहिणी काढलेली असेल तर कोपरापर्यंत चिरा असतो, तिथे काही महिने बधिरपणा राहतो, आणि पट्टा रुतला तरी कळत नाही. जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून हात बदलता येतो. पायातली शीर काढली असेल तर हाताचा प्रश्नच येत नाही.

कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलेल्यांना वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रोमसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी असते. घट्ट पट्ट्याने त्यांना काळे-निळे डाग पडतात. पट्टा रोज त्याच जागी नको, दंड बदलत राहा.

१०. मी नऊवारी-सहावारी नेसणारी. छातीचा पट्टा ब्लाउजच्या आत कसा बसायचा?

बसतो, पण ब्लाउज आणि आतल्या कपड्याची शिवण पट्ट्यावर येऊन तो वर सरकतो. दोन उपाय आहेत. एक, फिरायला जाताना बंद गळ्याचा सैल पंजाबी ड्रेस आणि आत बिनतारेचा कपडा, पट्टा त्याच्या खालच्या काठाखाली. दुसरा, दंडाचा पट्टा, तो साडीवरही चालतो आणि पदराने झाकलाही जातो. माझ्या बहिणीने दुसरा निवडला. रंकाळ्यावर तिला अजून कुणीही "हे काय बांधलंय?" असं विचारलेलं नाही, हे तिच्या मते त्या यंत्राचं मुख्य वैशिष्ट्य. मनगटाचं घड्याळ घेणार असाल तर बांगड्यांच्या हातात नको, दुसऱ्या हातात घाला.

११. ऑपरेशननंतर ठोके अनियमित झाले होते, एट्रियल फिब्रिलेशन म्हणाले. कुठलं यंत्र चालेल?

हृदयाच्या ऑपरेशननंतर साधारण तीन-चारांत एकाला हे होतं, बहुधा पहिल्या आठवड्यातच, आणि पुष्कळांचं बसतं. ज्यांचं राहतं त्यांच्यासाठी मनगटाचं घड्याळ कामाचं नाही. कारण सरळ आहे. हृदय भरायच्या आत पुन्हा आकुंचन पावलं तर तो ठोका इतका अशक्त असतो की मनगटापर्यंत लाटच पोचत नाही. हृदय ११० वेळा धडधडतं, मनगटावर ९० च मोजले जातात. वीज टिपणारा छातीचा पट्टा ११० सांगेल.

असंच जादा ठोके पडणाऱ्यांचं होतं. प्रत्येक चांगल्या ठोक्यामागे एक दुबळा पडला, तर ८४ च्या जागी घड्याळ ४२ दाखवतं आणि घरात रडारड सुरू होते. अशा वेळी नाडी पूर्ण ६० सेकंद मोजायची, १५ सेकंदांची चौपट इथे चालत नाही. कायम अनियमित ठोके असलेल्यांनी आकड्यापेक्षा बोर्गच्या पट्टीवर जास्त भर द्यावा, ती प्रश्न १ मध्ये आहे. आणि नव्याने अनियमितपणा जाणवला तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवा.

१२. पेसमेकर बसवलाय. पट्ट्यातून करंट लागेल का?

पट्टा करंट सोडत नाही, फक्त ऐकतो. तरी कंपन्यांच्या माहितीपत्रकात पेसमेकरवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं असं लिहिलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. पेसमेकरची स्वतःची टिचकी पट्टा ठोका समजू शकतो. तपासणीला जाल तेव्हा पट्टा बांधून जा आणि तिथल्या ईसीजीशी आकडा ताडून घ्या, पाच मिनिटांचं काम.

खरी काळजी दुसरीकडे आहे. आयफोन १२ पासूनच्या फोनच्या पाठीत चुंबक असतं. फोन किंवा चुंबकी चार्जर पेसमेकरपासून १५ सेंटिमीटरहून, आणि वायरविना चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटरहून लांब ठेवा, म्हणजे शर्टाच्या खिशात नको. सॅमसंगच्या काही घड्याळांत अंगातली चरबी मोजायची सोय असते. ती अंगातून बारीक करंट सोडते. पेसमेकरवाल्यांनी ती वापरायची नाही, असं कंपनीच सांगते.

एक गंमत पुष्कळांना कळत नाही. काही पेसमेकर शरीराच्या हालण्यावरून ठोके वाढवतात. चालताना वाढतात, पण एका जागी ठेवलेल्या सायकलवर छाती हलत नाही, म्हणून फारसे वाढत नाहीत आणि माणूस दमतो. यंत्र बिघडलेलं नसतं. डॉक्टरांना सांगा, ते सेटिंग बदलतात.

१३. छातीत आयसीडी, म्हणजे शॉक देणारं यंत्र आहे. किती ठोक्यांवर शॉक बसतो?

तुमचं यंत्र ज्या आकड्यावर लावलंय त्यावर, आणि तो प्रत्येकाचा वेगळा. तो आकडा मागून घ्या आणि आयसीडीच्या कार्डाबरोबर पाकिटात ठेवा. व्यायामाची वरची हद्द त्याच्या दहा ते वीस ठोके खाली ठेवतात, नेमकी किती ते डॉक्टर सांगतील. व्यायामातली सूचना वाजणारं यंत्र (प्रश्न ६) तुमच्यासाठी हौस नाही, गरज आहे. यात प्रकाशाच्या स्वस्त घड्याळावर विसंबू नका.

हृदयच बदललेलं असेल तर आणखी वेगळं. नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात, म्हणून बसल्यावरही ठोके ९० ते ११० असतात, चालताना उशिरा चढतात आणि थांबल्यावर उशिरा उतरतात. तिथे ठोक्यांपेक्षा दम बघूनच व्यायाम ठरवतात.

१४. मी तालमीतला. जोर-बैठका कधी सुरू करू? यंत्रावर ठोके तर वाढलेले दिसत नाहीत.

पैलवान, इथेच धोका आहे. श्वास रोखून जोर काढला किंवा वजन उचललं की ठोके फार न वाढताही रक्तदाब जबरदस्त चढतो. यंत्र फक्त ठोके मोजतं, दाब त्याला दिसत नाही. म्हणजे घड्याळात ९२ आणि आत भलतंच चाललेलं. जोरात तर छातीच्या हाडावर थेट ताण येतो, म्हणून हाड जुळेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. साधारण पहिले दोन-तीन महिने जड काही उचलणं, ढकलणं, ओढणं बंद असतं. त्यात दुधाची बरणी आली, गॅसची टाकी आली आणि स्टँडवर चढवायची बुलेटही आली.

पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली तर बैठका आधी, त्याही अर्ध्या आणि खुर्चीचा आधार घेऊन. मोठ्याने आकडे म्हणत करा. आकडा म्हणताना श्वास रोखता येत नाही, हा तालमीतल्या मोजणीचा न सांगितलेला फायदा. रक्तदाबाची तपासणी करून मगच पुढचा टप्पा.

१५. गोळ्यांमुळे कितीही चाललो तरी ठोके ८० च्या वर जात नाहीत. व्यायाम वाया जातोय का?

नाही. गोळी तिचं काम करतेय. ८० ठोक्यांवरही पाय, फुप्फुसं आणि रक्तवाहिन्या मेहनत करतातच. तुमची हद्द टीएमटीवरून काढली असेल (प्रश्न २) तर ८० त्यात बसत असेल, बघा. आकडा गाठायला म्हणून पन्हाळ्याच्या चढावर जाऊ नका. दम आणि बोलण्याची परीक्षा ठीक असेल तर तेवढंच चाला. मात्र पूर्वी याच वेगाला ९० व्हायचे आणि आता ६० च्या खालीच राहतात, चक्करही येते, असं असेल तर डोस बघायला जा. गोळी स्वतः बंद करू नका, एकदम बंद केली तर ती उलटते.

१६. ईसीजीवालं घड्याळ घेतलं तर अटॅक आधी कळेल का?

नाही. अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय २०१८ मध्ये आली, भारतात पुढच्या वर्षी. बोट टेकवून ३० सेकंदांत एकाच बाजूचा ईसीजी निघतो. त्यातून एट्रियल फिब्रिलेशन ओळखता येतं, नसेतला अडथळा किंवा अटॅक नाही. घड्याळ 'सर्व ठीक' म्हणतंय म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढलं, हे या घड्याळाचं सगळ्यात वाईट रूप.

१७. आकडा हद्दीत आहे, पण बरं वाटत नाही. काय करू?

थांबा. छातीत दाबल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, गार घाम, चक्कर, बोलता न येण्याइतका दम किंवा अचानक धडधड, यातलं काहीही झालं की आकडा बघत बसायचं नाही. खाली बसा, शेजारच्याला सांगा. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिलेली असेल तर ती त्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. दोन-चार मिनिटांत उतार नसेल तर १०८ ला फोन. रिक्षा शोधत दसरा चौकापर्यंत चालत जाऊ नका. हे लिहायचं कारण म्हणजे आमच्यातल्या एकाने तेच केलं होतं.

उलटही होतं. आकडा हद्दीच्या दोन-तीन ठोके वर गेलाय आणि तुम्ही मजेत गप्पा मारताय. मग वेग थोडा कमी करा, इतकंच.

१८. थांबल्यावर ठोके किती वेळात उतरायला हवेत?

पहिल्या मिनिटात १२ किंवा जास्त उतरले तर चांगलं धरतात. पण ते बघायला चालता चालता एकदम थांबू नका. शेवटची पाच-दहा मिनिटं संथ चाला. गोळ्यांमुळे रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, एकदम थांबलं की रक्त पायात राहतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

१९. आपल्याकडचा पाऊस म्हणजे पाऊस. यंत्र भिजलं तर?

पट्ट्याला पाणी लागतंच. रबरी पट्ट्या बांधण्याआधी पाण्याने ओल्या करायच्या असतात, कोरड्या कातडीवर सुरुवातीची दहा मिनिटं आकडा वेडावाकडा येतो. वापर झाला की बटण काढून ठेवा, नाहीतर ओला पट्टा त्याला जागं ठेवतो आणि सेल महिन्याभरात संपतो. पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. आषाढात तो दोन दिवस वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात दोन पट्टे आणि एक बटण.

पोहताना ब्लूटूथ पाण्यातून जात नाही, आकडा फोनपर्यंत येणार नाही. पोहणं कधी सुरू करायचं हा प्रश्न त्याहून मोठा, तो डॉक्टरांचा.

२०. कोरोनात घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर पडून आहे. तेच वापरलं तर?

उभं राहून तपासायला उत्तम, चालताना निरुपयोगी. हात हलला की आकडा नाचतो. दर दहा मिनिटांनी थांबून बोट घालणार असाल तर नवं काही घ्यायची गरज नाही. नखाला गडद पॉलिश किंवा काळी मेंदी नको, बोट गरम हवं.

२१. मुलगा बंगळुरूत बसून माझे ठोके बघतो आणि दिवसातून चारदा फोन करतो. बंद कसं करू?

अ‍ॅपमध्ये 'शेअरिंग' नावाची सोय असते, ती बंद करा आणि मुलाला महिन्यातून एकदा तक्ता पाठवा. चेष्टा सोडा, पण हे दुखणं खरं आहे. यंत्र आलं की माणूस जेवताना, झोपताना, पिक्चर बघताना आकडा बघायला लागतो. तांबडा रस्सा ओरपला की ठोके वाढणार, मॅचमध्ये पाटाकडील तालीम मंडळाने गोल मारला की वाढणार, सुनेशी वाद झाला की वाढणार. मी आता यंत्र चपलांच्या रॅकवर ठेवतो. फिरायला निघताना चढवायचं, आल्यावर चपलेबरोबर उतरवायचं.

२२. मित्राचा जुना पट्टा मिळतोय. घेऊ का?

घ्या. कापड नवं घाला, बटण तेच चालेल, सेल बदला. अ‍ॅपमध्ये जुन्या मालकाचं वय, वजन आणि हद्द राहिलेली असते, ती पुसून स्वतःची भरा. माझा पहिला पट्टा असाच दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात हल्ली मंगळवार पेठेत आहे. मधल्या एका गृहस्थांनी हद्द बदलली नव्हती. माझ्या ९६ वर तो त्यांना आठवडाभर थरथरत होता, आणि त्यांना वाटत होतं मोबाईल व्हायब्रेटवर आहे.